मौनीबाईंचा सल्ला

रुग्णालयाच्या खरेदी विभागातल्या बाईंना सगळे पुरवठादार पाठीमागे ‘मौनीबाई’ म्हणत. हातमोजे असोत, चादरी असोत नाहीतर ऑपरेशनच्या खोलीतले दिवे, बाईंची पद्धत एकच. कोटेशन शांतपणे वाचायचं, चष्मा काढून टेबलावर ठेवायचा आणि काही म्हणजे काही बोलायचं नाही. समोरचा आधी हसे, मग घसा खाकरे, मग खुर्चीत चुळबुळ करू लागे.

“मॅडम, हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी!”

बाई पंख्याकडे बघत. तो हात हलवत निघून जाई आणि चार दिवसांत त्याचाच फोन येई, भाव खाली आणून. या एका गुणावर बाईंनी अख्खी नोकरी काढली होती.

घरी मात्र त्यांच्या तोंडाला विश्रांती नसे. दिवसभराचं तुंबलेलं सगळं तिथं बाहेर पडे. नवरा मोटार शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांवर “ब्रेक! ब्रेक!” असं ओरडून त्याचा घसा बसलेला असायचा, त्यामुळे तो आनंदानं ऐकून घेई.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीला शेवाळावर पीएच.डी. करायची होती. न्हाणीघराच्या भिंतीवरचं जे हिरवं बाई ब्रश घेऊन घासून काढत, त्यावरच लेक पुढची पाच वर्षं घालवणार होती. परदेशातल्या दोन विद्यापीठांनी तिला प्रवेश दिला. एक लहान होतं. तिथं फी माफ, वर राहण्याखाण्यापुरतं विद्यावेतन. पण शेवाळाचं तिथं कुणालाच काही माहीत नव्हतं, काम गवतावर करावं लागणार होतं. दुसऱ्या ठिकाणी त्या प्राध्यापिका होत्या, ज्यांचं लिखाण लेक कॉलेजात असल्यापासून पाठ होईल इतकं वाचत आली होती. तिथं फी माफ होती, पण राहण्याखाण्याचं आपलं आपण बघायचं होतं, आणि ते या घराच्या आवाक्यातलं नव्हतं.

लेकीनं प्राध्यापिकांना सरळ लिहिलं, दुसरीकडे पूर्ण विद्यावेतन मिळतंय, तुमच्याकडे काही होऊ शकेल का? दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. ‘मी विभागात बोलते. पण आधी सांग, मिळालं तर तू नक्की येशील ना?’

“आई, हो म्हणून टाकते!” लेक खुर्चीतच उड्या मारत होती.

बाईंनी तिचा हात धरला. “वेडी आहेस का? तू हो म्हटलंस की त्यांचं काम झालं. मग कशाला देतील पूर्ण? गप्प बस. आपणहून वाढवून देतील.”

“अगं, पण त्यांनी प्रश्न विचारलाय.”

“विचारू देत की. मलाही रोज विचारतात.”

“ऐक हो आईचं,” नवरा म्हणाला. “मलाही तिनं होकार द्यायला महिना लावला होता. दुसरं कोटेशन आलं होतं की काय, ते अजून सांगत नाही.”

तिघंही हसली. लेक गप्प बसली.

पहिले दोन-तीन दिवस बाईंना मजा वाटली. मग लेक जेवतानाही फोन ताटाशेजारी ठेवू लागली. “लिहू का गं आता?” ती विचारी, आणि बाई म्हणत, “आता कच खाल्लीस तर सगळंच मुसळ केरात.”

दोन आठवड्यांनी प्राध्यापिकांचंच पत्र आलं, तेव्हा बाई कामावर होत्या. लेकीनं फोनवर वाचून दाखवलं. तिच्याकडून काहीच कळलं नाही, तेव्हा तिचं दुसरीकडे ठरलं असावं असं प्राध्यापिका समजल्या. विभागाच्या बैठकीत तिच्या येण्याची खात्री त्यांना देता आली नाही. विद्यावेतन यादीतल्या पुढच्या मुलीला गेलं. खाली शुभेच्छा होत्या, अगदी मनापासूनच्या. रागावलेल्या माणसाशी कसं वागायचं हे बाईंना येत होतं, पण यात राग कुठंच नव्हता.

“आई, त्या विकायला बसल्या नव्हत्या गं. माझ्यासाठी भांडायला निघाल्या होत्या. भांडायला त्यांना माझा होकार हवा होता.”

बाईंनी त्या दिवशी समोरच्या पुरवठादाराला तसंच परत पाठवलं. परदेशी शिकून आलेल्या एका डॉक्टरांना त्यांनी जिन्यातच गाठलं आणि अजून काही करता येईल का, असं विचारलं. “ते पैसे आता गेले, बाई,” डॉक्टर म्हणाले आणि राउंडला निघून गेले. लेकीनं प्राध्यापिकांना फोन केला. त्या बराच वेळ प्रेमानं बोलल्या, पण त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

“मी लिहिते त्यांना,” संध्याकाळी बाई म्हणाल्या. “चूक माझी होती म्हणून सांगते.”

“आणि त्या काय समजतील? या मुलीचं सगळं तिची आई ठरवते?”

बाई खाली बसल्या. इतकी वर्षं त्यांनी कुणाकुणाला नमवलं होतं, आणि इथं साधी माफी मागायलाही त्यांना जागा नव्हती.

लहान विद्यापीठाला कळवायची मुदत संपत आली होती. लेकीनं कुणाला काही विचारलं नाही. जेवणाच्या टेबलावर बसून तिनं होकार लिहिला, एकदा वाचला आणि पाठवून दिला. बाई ओट्यापाशी एकच ताट पुसत राहिल्या.

थोड्याच वेळात तिकडून स्वागताचं उत्तर आलं. लेकीनं ते सपाट आवाजात वाचलं. “गवताळ रानात हिंडायला बूट देणार आहेत. बुटाचा नंबर विचारलाय.”

“पाच,” बाई झटकन म्हणाल्या. “डावा पाय जरा मोठा आहे तुझा, साडेपाच सांग.”

“माहीत आहे गं आई मला माझा नंबर,” लेक म्हणाली आणि लिहू लागली.