भिजलेल्या दोराची कथा

नागसेन तांबे निजामपुऱ्यातल्या एका कापडाच्या कारखान्यात जॉबर आहे. बंद पडलेला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू करून देणं हे त्याचं काम. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या इमारतीत तो तळमजल्यावर राहतो आणि मी त्याच्या वर. पंधरा वर्षं तो विज्ञानकथा लिहितो आहे, आणि प्रत्येक कथा सर्वांत आधी माझ्याकडे येते. माझ्या रोजनिशीप्रमाणे गेल्या जुलैपर्यंत एकतीस कथा परत आल्या होत्या. छापून एकही आली नव्हती.

सूत गुंडाळलेल्या कोनांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून तो खिशात ठेवतो. विज्ञानातलं काही विचित्र कळलं की त्यावर एक ओळ लिहितो. लूमच्या खडखडाटात कुणी गप्पा मारायला येत नाही, त्यामुळे डोकं मोकळं राहतं, असं त्याचं म्हणणं. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, हे त्याने एकदा लडकूला सांगितलं. लडकू त्याच्याच कारखान्यात लूम चालवतो, दिघाशीहून येतो, आणि शिफ्ट सुटली की नागसेनकडे चहा पिऊनच घरी जातो.

"मंग तिकडं ड्युटी कवा सुटायची?" लडकूने विचारलं.

"वर्ष संपतं, पण ड्युटी सुरूच."

"म्हंजे आपला सेठ तिकडचाच हाय!"

ऑगस्टच्या अकरा तारखेला ठाण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथा त्यांना आवडली होती. दूरच्या एका चंद्रावर कायम धुकं असतं. तिथल्या खोल दरीत अडकलेली डॉक्टर सुती दोराने वर चढते. दोर भिजतो, आता तुटणार असं सगळ्यांना वाटतं. पण सूत भिजलं की जास्त बळकट होतं, म्हणून ती वाचते.

"नागसेनजी, भिजलेला दोर बळकट?" संपादक म्हणाले. "आमचे वाचक पत्रं लिहून हैराण करतील हो. दोर नायलॉनचा करा. नाहीतर शनिवारी येऊन मला ते खरं करून दाखवा. दोन्ही जमत नसेल, तर कथा घेता येणार नाही."

"नायलॉन केला तर कथेत उरलं काय?" फोन ठेवून नागसेन म्हणाला.

"डॉक्टर उरते की," त्याची बायको प्रियंका म्हणाली. "ती वर येते ना?"

"अगं, ती वर का येते, तीच तर कथा आहे!"

गुरुवारी त्यांच्या स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. लडकूने कारखान्यातून आणलेल्या कोनाचा धागा खिळ्याला बांधायचा, धाग्याला रिकामी बाटली, आणि बाटलीत हळूहळू पाणी ओतायचं. धागा तुटला की प्रियंकाच्या काट्यावर बाटलीचं वजन करायचं. आकडे मी लिहीत होते. दहा कोरडे धागे सरासरी दोनशे अठ्ठ्याण्णव ग्रॅमला तुटले. दहा भिजवलेले, एकशे एकसष्टला.

ओट्याला टेकून नागसेन मला म्हणाला, "काकू, संपादकांचंच बरोबर आहे. उद्या फोन करून कथा परत मागतो."

सूत तपासायला तो विसरला नव्हता. आमच्या गावात लूमवाला धागा काडीने जाळून बघतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते, सूत कागदासारखं जळून राख होतं. हा धागा कागदासारखाच जळला होता.

मग त्याने माझी वही ओढली आणि आकडे पुन्हा वाचले. "थोडं कमी झालं असतं तर मी मान्य केलं असतं. पण जवळजवळ निम्मं? निम्मं का?"

पलंगाखालचं पुठ्ठ्यांचं खोकं त्याने बाहेर काढलं. तासाभराने एक पुठ्ठा हातात धरून तो मोठ्याने हसायलाच लागला. "व्हिस्कोस! भिजलं की ताकद निम्म्यावर येते. आणि लाकडाच्या लगद्यापासून बनतं, म्हणून जळतंही कागदासारखं!"

लडकूने चहाचा कप खाली ठेवला. "कोन मीच आनला. सध्या लूमवर जो माल हाय, त्यात व्हिस्कोसच चालतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू काडी लावून बघितलीस ना! जॉबरला मी शिकवू?"

शुक्रवारी लडकूने कोनावरची चिठ्ठी वाचून अस्सल सुताचा कोन आणला. कोरडे दोनशे सत्त्याऐंशी, भिजलेले तीनशे चौतीस. नागसेनला तेवढ्याने समाधान नव्हतं. आणखी वीस धागे तोडून झाल्यावर त्याने आम्हाला जेवू दिलं.

शनिवारी त्याने सुट्टी मागितली. सेठ म्हणाले, "जाओ, लेखकसाब, लेकिन सात नंबर लूम बंद पडा तो?" लडकू लांबूनच ओरडला, "मैं देखता हूँ, सेठ!"

नागसेनला अनोळखी माणसांपुढे शब्द सुचत नाहीत, म्हणून आकडे घेऊन मी सोबत गेले. पण माझी गरज पडली नाही. संपादकांच्या खिडकीच्या गजाला बाटली लटकवली आणि तो बोलतच सुटला. पहिल्या भिजलेल्या धाग्याला संपादकांनी स्वतः पाणी ओतलं. कोरडा धागा तुटला तेव्हा पाणी जिथवर होतं, ती बाटलीवरची खूण मागे पडली. पाणी वर चढत गेलं, बाटली तशीच लटकलेली. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून आली. अखेर धागा तुटला, संपादकांची विजार भिजली, आणि ते म्हणाले, "आता व्हिस्कोसचा दाखवा."

तोही पाहून झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या कथेतला एकही शब्द बदलणार नाही."

"मला बदलायचं आहे," नागसेन म्हणाला.

मी वही मिटत होते, ती पुन्हा उघडली.

"दोर विकणाऱ्याने आधी व्हिस्कोसचा दोर दिलेला असतो. डॉक्टर तो जाळून बघते आणि फसते. दोन पानं वाढतील."

"पानं भरत आलीत हो," संपादक म्हणाले. नंतर ओली विजार झटकत त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. इथेच लिहा."

त्याने दीड तासात लिहून दिलं. ऑक्टोबरमध्ये अंक आला, कथा पूर्ण छापलेली, वर त्याचं नाव. लडकूला भराभर वाचता येत नाही. दिघाशीला त्याच्या मुलीने, रुचिकाने, ती अंगणात मोठ्याने वाचली. शेजारचे आठ-दहाजण ऐकायला जमले होते.

दुसऱ्या दिवशी लडकू चहाला आला तो दारातूनच भांडत. "पयला दोर तुटला तवा मी उठून उभा ऱ्हायलो. आई ओरडली, पोरीला थांबव, बाई मरंल. आरं, इतकं घाबरवतात व्हय मानसाला? दुसरी गोष्ट कवा देतोस?"