मुळेच्या पाण्यातला तो उन्हाळा

मधूभाऊजी गेल्याचा फोन कोपरगावहून त्यांच्या शेजारणीने केला, तेव्हा मी लसूण सोलत बसले होते. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत, असं ती म्हणाली. मी 'बरं' म्हटलं, उरलेला लसूण सोलला आणि मग मुलाला हाक मारली. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही... त्याला आता दीड महिना झाला. भाऊजी माझे धाकटे दीर, पण वयाने माझ्याहून वर्षभर मोठे. पाटबंधारे खात्यात थोडी आणि पुढे साखर कारखान्यात सगळी नोकरी, लग्न केलं नाही, कुणाशी भांडण नाही. लोकांना एवढंच माहीत आहे. "मी गेल्यावर माझ्याबद्दल लिहा वहिनी, आणि नाव माझंच ठेवा," असं ते शेवटच्या भेटीत मला म्हणाले होते, म्हणून लिहिते आहे. दुसऱ्या माणसाचं नाव मात्र मी बदललं आहे. त्याची मुलंबाळं आहेत.

सत्तरच्या दशकाची ती पहिली वर्षं. लग्न होऊन मी राहुरीजवळ मुळा धरणाच्या वसाहतीत आले. आमचे हे तिथे ओव्हरसियर होते. भाऊजींना यांनीच खटपट करून तात्पुरत्या कामावर लावलं होतं. सकाळी आणि संध्याकाळी पाण्याची पातळी बघून यायची, मधला सगळा दिवस मोकळा. वसाहत अगदी आडबाजूला, एकसारखी पत्र्याची घरं, आजूबाजूला नुसता मुरूम. उन्हाळ्यात अकरा वाजले की रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. मी ओट्यावर कुरडया वाळत घालायचे आणि भाऊजी सावलीत खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन कावळे राखत बसायचे. बोलायचे कमी. कधी कधी मान मागे टाकून डोळे मिटून घेत, आणि कावळा येऊन कुरडई घेऊन जाई तरी त्यांना पत्ता नसे. मला वाटायचं, या माणसाला करमत नाही इथे. एकदा विचारलं तर म्हणाले, "करमत नाही असं नाही. कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं सारखं. आणि कुणी येणार नसतं."

मग चैत्रात सोपान आला. ठेकेदाराच्या टिपरवर ड्रायव्हर म्हणून पाथर्डीकडचा एक माणूस लागला, तो हा. पंचविशीचा, काळासावळा, हसला की सगळा चेहरा उजळायचा. त्याची बायको गावी होती. घरचे सगळे ऊसतोडीला जाणारे, यानेच कोयता सोडून गाडी धरलेली. तो एकदा आमच्याकडे निरोप घेऊन आला होता. भाऊजींनी त्याला सहज विचारलं, पोहता येतं का. तो म्हणाला, "आमच्याकडं हिरीचा तळ दिसतो, पानी दिसत न्हाई. पवायला कुठं शिकनार?" भाऊजी म्हणाले, "मी शिकवतो."

त्यानंतर दुपारची खुर्ची रिकामी राहू लागली. कावळे मीच हाकायचे. टिपरची पाळी बारापर्यंत असे, आणि मग ते दोघं धरणाच्या फुगवट्याच्या एका कोपऱ्यात जात. तिथे खडकाची एक सोंड पाण्यात उतरलेली होती, पलीकडे जुन्या वस्तीच्या भिंती पाण्याखाली होत्या आणि वाळून पांढऱ्या पडलेल्या बाभळींचे शेंडे वर दिसत. मी एकदा गोधड्या धुवायची जागा बघायला गेले होते तेव्हा दुरून ते दोघे दिसले. भाऊजी छातीभर पाण्यात उभे होते. सोपान पालथा, त्यांच्या दोन्ही हातांवर आडवा. तो पाय मारत नव्हता, हात हलवत नव्हता. नुसता तरंगत होता आणि भाऊजी त्याला घेऊन अगदी हळू, पायाने तळ चाचपत चालले होते, झोपलेल्या माणसाला जागं न करता दुसऱ्या खोलीत न्यावं तसे. पाण्यावर इतकं ऊन होतं की मला डोळे बारीक करावे लागले. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मला सगळं समजलं, असं म्हणणार नाही. तेव्हा माझ्याकडे त्याला शब्दच नव्हता. पण नवऱ्याने मला असं कधी धरलं नव्हतं, हे मात्र समजलं.

घरी मी काही बोलले नाही. भाऊजी चारला ओल्या केसांनी येत आणि ताटावर बसून भाकरी हातातच धरून राहत. एकदा म्हणाले, "वहिनी, माणसाला आपला चेहरा आवडायला लागतो, असं होतं का हो?" मी म्हटलं, "जेवा आधी." ते हसले. पुढे किती वर्षं मला त्या उत्तराची लाज वाटत आली.

ज्येष्ठ लागायच्या आतली गोष्ट. आम्ही वसाहतीतल्या तिघी जणी गोधड्या धुवायला पाण्यावर गेलो होतो. दुपार झाली, तशी त्या दोघी आटोपून निघाल्या, मी मागे राहिले. सोंडेच्या पलीकडून पाण्यात काहीतरी पडल्याचे आवाज यायला लागले, एकामागून एक. मी चढून बघितलं. काठावर ठेकेदाराचा मुकादम आणि त्याची दोन माणसं उभी होती, हातात दगड. पाण्यात दोन डोकी. काठाकडे आलं की दगड येत होते, म्हणून ते दोघे आत आत सरकत होते. भाऊजींच्या कपाळातून रक्त वाहत होतं. सोपानला अजून चार हातही नीट मारता येत नव्हते. त्याने भाऊजींचा खांदा धरला होता, तोंड पाण्याखाली जाऊन वर येत होतं. तिथे पाणी दोन पुरुष खोल होतं.

मी चपला कुठे टाकल्या ते आठवत नाही. तापल्या मुरमावरून धावत गेले आणि मुकादमाच्या समोर उभी राहिले. म्हटलं, "दगड खाली टाका. साहेबांचे भाऊ आहेत ते."

"बाई, तुमी घरला जा. त्यांचं काय चाललं हुतं ते आमी बघितलंय."

"पोहायला शिकवणं चाललं होतं. साहेबांनीच सांगितलंय. त्याला धरणाच्या लाँचवर कामाला घ्यायचंय. खोटं वाटत असेल तर चला माझ्याबरोबर, साहेबांना विचारा."

मी आयुष्यात त्याआधी परक्या पुरुषाशी इतकं बोलले नव्हते. मुकादम माझ्याकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसला नव्हता, पण साहेबाच्या बायकोला खोटं पाडायची त्याची तयारी नव्हती. हातातला दगड त्याने पायाशी सोडला आणि तिघे निघून गेले. भाऊजींनी सोपानला ओढत काठाला आणलं. तो उपडा पडून पाणी ओकत होता, आणि भाऊजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, माझ्यादेखत, न लपवता. कपाळातलं रक्त सोपानच्या पाठीवर ठिबकत होतं... यांना मी संध्याकाळी सांगितलं की भाऊजींचा खडकावर पाय घसरला. यांनी माझ्या पायाच्या फोडांकडे बघितलं, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

इथवरचं भाऊजींना माहीत होतं. पुढचं मी पन्नास वर्षं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाऊजी तापाने पडून होते. दुपारी सोपान मागच्या दाराशी आला. एक गाल सुजलेला, मुकादमाने कामावरून काढल्याचं त्याने सांगितलं. "वैनी, मधू हाय का? नुसतं बघून जातो." मी त्याला पाणी दिलं. तो पीत होता तोवर मी ठरवलं. म्हटलं, "तुम्ही जा इथून. पुन्हा येऊ नका. तुम्ही आलात तर ती माणसं भाऊजींना जिवंत ठेवणार नाहीत, आणि यांची नोकरी जाईल." त्याने तांब्या उंबऱ्यावर ठेवला. "व्हय, बराबर हाय," एवढंच म्हणाला. भाऊजी आतल्या खोलीत दहा पावलांवर झोपलेले होते.

उठले तेव्हापासून ते सोपानला शोधत राहिले. एसटीने पाथर्डीला गेले, तिथून आठ मैल चालत त्याच्या गावी. त्याच्या बायकोने चहा केला, तो घरी आलाच नाही म्हणाली. पावसाळ्यानंतर कोपरगावच्या एका साखर कारखान्यात जागा निघाली तेव्हा भाऊजींनी ती धरली. हे म्हणाले, बरं झालं, मार्गी लागला. मला माहीत होतं की ऊसतोडीच्या टोळ्या तिथे येतात, म्हणून ते गेले. स्थळं येत राहिली, ते नाही म्हणत राहिले. हे गेल्यावर ते दर दोन महिन्यांनी माझ्याकडे यायचे, चार दिवस राहायचे, नातीला गणितं सांगायचे.

यंदा फाल्गुनात आले तेव्हा त्याच नातीने दुपारी तिच्या लॅपटॉपवर एक सिनेमा लावला. कुठल्या देशातला कोण जाणे, भाषा कळत नव्हती. उन्हाळा, एक समुद्रकाठ, आणि दोन तरुण पुरुष. त्यातला एक सारखा मागे वळून बघत होता, कुणी येतंय का म्हणून. नात उठून क्लासला गेली, आम्ही दोघं बघत राहिलो. संपल्यावर भाऊजी म्हणाले, "त्याची मान बघितलीत? माझीही तशीच झाली होती. आवडत्या माणसाकडे बघायचं सोडून वाटेकडे बघायचं."

मग मी सांगितलं. मागचं दार, तांब्या, मी काय म्हणाले, सगळं. ते ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "मला माहीत आहे वहिनी. तो भेटला होता मला कोपरगावला, तिसऱ्या हंगामात. बायको होती, पोरगं होतं कडेवर. बैलगाडीच्या आडोशाला आम्ही थोडा वेळ बोललो. तुमच्याबद्दल म्हणाला, आधी पाणी दिलं, मग जा म्हनल्या. रागावून नाही सांगितलं त्याने. पुढच्या हंगामाला दुसऱ्या कारखान्यावर जाईन म्हणाला, आणि गेला."

"मग इतकी वर्षं मला बोलला नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

मला रडू आलं. त्यांनी उठून माझ्यासाठी चहा केला, साखर जास्त पडली. त्याच संध्याकाळी ते लिहिण्याचं बोलले.

तेराव्यानंतर मी आणि मुलगा त्यांची कोपरगावची खोली आवरायला गेलो. त्या खोलीत ते चाळीस वर्षं राहिले, पण मी कधी आत गेले नव्हते. ते येत, आम्ही जात नसू. एकच खोली, खिडकीतून दूर नदीकाठची झाडं दिसतात. खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या, शेजारी शेजारी. एकीवरची गादी खोलगट झालेली, चादर चुरगळलेली. दुसरीवर घडी न मोडलेली चादर, अभ्रा घातलेली उशी, पायथ्याशी पांघरूण. शेजारीण म्हणाली, "पाहुणा तर कधी बघितला नाही. पण दर रविवारी दोन्ही गाद्यांना ऊन द्यायचे. मी म्हणायचे, काका, त्या गादीला कशाला, ती कोण वापरतंय. तर म्हणायचे, असू दे, दमट होते."

मी त्या दुसऱ्या खाटेवर बसले. तिने कुरकुर केली नाही, कुणाचं वजन तिला माहीतच नव्हतं. मुलगा डबे, पुस्तकं, कपडे वेगळे करत होता. तो म्हणाला, "आई, एक खाट शेजारच्या काकूंना देऊ, त्यांना हवी आहे. दुसरीला गिऱ्हाईक बघतो."

मी म्हटलं, "दोन्ही काकूंनाच दे. त्यांच्याकडे जागा नसेल तर दुसरं घर बघ. पण दोन्ही एकाच घरी जातील असं बघ."