खालच्या चार ओळी

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. ते चित्र कापायला मीच सांगितलं होतं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या एका निवृत्त सरांनी कॉलेजला जुनं युरोपी चित्र दिलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, चारेकशे वर्षांपूर्वीचं. कोळी जाळं ओढताहेत. जाळ्यात मासे, आणि माशांत डोळे बांधलेली एक बाई. समुद्रदेव त्रिशूळ घेऊन नुसता बघतोय. कोळ्यांच्या पाठीशी उठलेली लाट त्यांच्यातल्या एकालाही दिसत नाही. सर म्हणाले, ती बाई म्हणजे नशीब. बाकीचा अर्थ खाली लॅटिनमध्ये आहे, सवडीने लावू.

सरांच्या सत्काराला दोन दिवस होते. कपाटात सन्मानपत्राची रिकामी फ्रेम होती, पण चित्र चार बोटं जास्त भरत होतं. अकोल्याचे एक चाचा वर्षानुवर्षं आमची पुस्तकं बांधायचे. ते गठ्ठा न्यायला आले होते. चित्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"खालून छाटा."

"सर, इथं तं लिवेल हाये."

"तुम्हाला वाचता येतं का ते?"

"मले तं तुमची मराठीबी धड वाचता येत नाही," ते हसले. "पण मी समास कापतो, लिवेल कापत नाही. तुमी म्हणसान तं कापतो. मंग चिपकनार नाही, सांगून ठेवतो."

"कापा."

त्या चार ओळी कातरणात गेल्या आणि कातरण संध्याकाळी जाळलं गेलं.

सत्काराच्या दिवशी सर फ्रेमपुढे उभे राहिले, ते उभेच. "खालचं कुठाय?" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधीच्या गठ्ठ्यातली बांधलेली पुस्तकं घेऊन चाचा नेमके दारात आले होते. मी म्हणालो, "बाइंडरने कापलं. मी फक्त फ्रेममध्ये बसवायला सांगितलं होतं."

चाचांनी पुस्तकं टेबलावर ठेवली. मग प्राचार्यांना म्हणाले, "गलती झाली साहेब." आणि गेले.

चाचांना आमच्या कॉलेजचं काम मिळणं बंद झालं. मग आणखी दोन कॉलेजांचं. या बाइंडरला काम देऊ नका, असा तिथे फोन करायला प्राचार्यांनी मलाच सांगितलं होतं, आणि मी केला. सर पुढच्या वर्षी वारले. त्या चित्राचा अर्थ कुणालाच लागला नाही. ते प्राचार्यांच्या खुर्चीमागे लावलंय; सही घ्यायला गेलो की मी कागदावरून मान वर करत नाही.

मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो. चाचा दुकानात लग्नपत्रिकांच्या पाकिटांना डिंक लावत होते.

"या सर! कावून उभे? चाय घ्या."

चहा घेतला. विषय काढला नाही.

कापायला मी सांगितलं आणि चाचांनी मला अडवलं होतं, हे मला प्राचार्यांना लेखी द्यायचं आहे. ते अजून दिलेलं नाही.