रेडिओतली शेवंती आणि आमची वेणू

“कानात गेलेलं कुटं जात नाय.”

वेणू हे सारखं म्हणायची. आई म्हणाली, मघाशी काय सांगितलं ते विसरलीस का, की वेणूचं हे उत्तर ठरलेलं. कमळाकर मास्तर वाटेत भेटले आणि चौथीतली कविता अजून येते का म्हणून त्यांनी विचारलं, तरी हेच. आणि मग डोक्यावरची मिठाची पाटी तशीच तोलून ती सगळी कविता म्हणून दाखवायची, मास्तरांना घाई असली तरी.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठी. एका अंगाला भाताची खाजणं, दुसऱ्या अंगाला मिठागरं. उन्हाळ्यात गावावरून वारा गेला की ओठ खारट होतात. परगावी गेलेल्या आमच्या माणसाला पहिले काही दिवस झोप लागत नाही, ती त्या खारटपणावाचून. वेणूचा बाप तुळशीराम मिठागरात काम करायचा. मीठ ओढून त्याचे ढीग लावायचे, बांध फुटला तर चिखलानं बुजवायचा, आणि दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. वेणूला ऐकायची भूक आणि बापाला बोलायचा कंटाळा. तरी दोघांचं चांगलं जमायचं, कारण वेणू त्याचं गप्प बसणंसुद्धा ऐकून घ्यायची.

शाळा चौथीला सुटली, पण वाचायची चट सुटली नाही. तुळशीराम पनवेलच्या बाजारातून गूळ, मिरची, चहाची पूड आणायचा. ते ज्या कागदात बांधून यायचं तो कागद वेणूचा. गूळ आईच्या हवाली करून ती कागद गुडघ्यावर सपाट करायची आणि दाराशी उजेडाला बसायची. कागदावर मुंबईची बातमी असायची, नाहीतर कुठल्या मासिकातली गोष्ट. गोष्ट हमखास अर्ध्यावर फाटलेली. उरलेली ती मिठाच्या पाट्या वाहताना मनात जुळवायची आणि दुपारच्या भाकरीला बायकांना सांगायची. बायका विचारायच्या, हे खरंच छापलंय का गो. वेणू म्हणायची, अर्धं छापलंय.

सिनेमाचंही तसंच. पनवेलच्या मैदानात तंबूतला सिनेमा यायचा. वेणूची आत्या मैदानाच्या कडेला राहायची. तिच्याकडे मुक्कामाला गेलं की ओट्यावर बसून तंबूतलं सगळं ऐकू येई. घोडे धावायचे, कुणीतरी रडायचं, मग गाणं. वेणूनं सिनेमा पाहिला नाही, ऐकला. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, काही कमी पडलं नाही.

अशा पोरीच्या गावात ग्रामपंचायतीचा रेडिओ आला. तेव्हा वेणूला सोळावं लागलं होतं.

रेडिओ शाळेच्या पडवीत लाकडी पेटीत ठेवला होता. किल्ली कमळाकर मास्तरांकडे. बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी बदलायला मोटार यायला उशीर झाला की आतला माणूस आजारी पडल्यासारखा बोलायचा. संध्याकाळी खेड्यातल्या लोकांसाठी कार्यक्रम लागे. पुढे पुरुष बसत. पुरुषांत सगळ्यांत पुढे बळीराम, कारण पंचायतीत त्याचं वजन होतं. बायका लांब विहिरीपाशी, पाणी भरता भरता जेवढं कानावर पडेल तेवढं घ्यायच्या. वेणू मात्र घागर भरून झाली तरी तिथंच. पडवीच्या खांबाला टेकून उभी राहायची, गाण्यापासून बाजारभावापर्यंत सगळं ऐकायची. दुसऱ्या दिवशी मिठागरात कांद्याचा भाव ती निवेदिकेच्या आवाजात सांगायची, आणि बायका हातातलं फावडं टाकून हसायच्या.

त्या कार्यक्रमात आठवड्यातून एकदा एक छोटी नाटुकली असायची. त्यात एक पाटील, एक पाटलीण आणि त्यांची पोर शेवंती. शेवंती म्हणजे बिघडलेली पोर. गाणी ऐकता ऐकता भाकरी करपवायची, आरशापुढून हलायची नाही, मुंबईला जायचं म्हणून रुसायची. कधी तिच्या जोडीला काळा चष्मा लावलेला एक पोरगा असायचा, तो बैल विकून घड्याळ घ्यायचा. शेवटी पाटील दोघांना चार समजुतीचे शब्द सांगायचे, दोघं कान धरायची, आणि सनई वाजायची.

गाव पोट धरून हसायचं. वेणूही हसायची. पण हळूहळू असं झालं की शेवंती बोलायला लागली की पुढे बसलेली माणसं माना वळवून खांबाकडे बघायची. मग विहिरीवर कुणीतरी वेणूला शेवंती म्हणून हाक मारली. मग सगळेच मारायला लागले. आधी थट्टा होती. पुढे पुढे थट्टा करणाऱ्यांनाच ती खरी वाटायला लागली. कुणाच्या पोरानं उलट उत्तर दिलं, कुणाच्या सुनेनं केस वेगळे बांधले, की म्हातारी माणसं म्हणायची, आताची पिढी अशीच. पोरं रेडिओनं बिघडतात हे गावाला सांगितलं कुणी, तर रेडिओनं. ते पडवीत मांडी घालून दर आठवड्याला ऐकलं कुणी, तर म्हाताऱ्यांनी.

वेणू म्हणायची, “शेवंतीची भाकर करपते. माझी करपली तर बाबांना विचारा.” तुळशीरामला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तो बोलला नसता.

या थट्टेनं तिचं काही बिघडलं नसतं. पण वेणूला एक गोष्ट मनापासून हवी होती, आणि ती गोष्ट चंद्रावती मावशीच्या हातात होती.

चंद्रावती मावशी गावची धवळारीण. आमच्या आगरी लग्नात जिच्या गाण्यावाचून मांडवात पान हलत नाही, ती धवळारीण. हळद कांडायला घेतली की तिचं गाणं, नवऱ्याला न्हाऊ घातलं की तिचं गाणं. गावदेवीला, कुळाच्या देवांना, घरातून गेलेल्या माणसांना नावं घेऊन ती मांडवात बोलावते. हे गाणं, म्हणजे धवळा, कुठं लिहिलेलं नाही. एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात, असंच ते आलं. म्हणायचं दोघींनी. पहिली म्हणते, दुसरी शेवटची ओळ उचलते आणि पहिलीचा श्वास होईपर्यंत धरून ठेवते. सुरू झालेलं गाणं मध्येच खाली ठेवायचं नाही, असा मावशीचा नेम होता. तिची जुनी साथीण लेकीकडे उरणला गेली होती. वेणू चार वर्षं मावशीच्या मागे बसून ऐकत होती. वैशाखात बळीरामच्या मुलाचं, दयारामचं लग्न होतं. त्या मांडवात वेणूला साथीला बसवायचं, असं मावशीनं तोंडानं म्हटलेलं होतं.

तेवढ्यात माघातल्या एका लग्नात ती गोष्ट झाली. हळद कांडताना मावशीनं एक ओळ म्हटली, वेणूनं उचलली, आणि उचलताना तिचा आवाज एका जागी वळला. रेडिओवर तेव्हा एक गाणं सारखं लागायचं, त्यातलं ते वळण होतं. वेणूच्या ध्यानातही आलं नाही. पण मुसळं थांबली. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, “देवाच्या गाण्यात शेवंती आली गो.”

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बळीरामच्या कानावर गेली. त्यानं मावशीला निरोप धाडला की माझ्या मांडवात तुम्ही या, त्या पोरीला आणू नका. नाहीतर मी उरणकडची धवळारीण बोलावतो.

मावशी वेणूला रागावली नाही. तिचं एक मत होतं की गळा घागरीसारखा असतो, मावेल तेवढंच मावतं. ती म्हणाली, रेडिओ सोड, नाहीतर धवळा सोड. वेणूनं त्याच दिवशी रेडिओ सोडला. विहिरीवर जायची ती लवकर जायला लागली. नाटुकलीच्या दिवशी तर घराचं दार ओढून बसायची.

फाल्गुन गेला, चैत्र लागला. मिठागरं पांढरी झाली. एक दिवस वेणू मावशीच्या ओट्यावर येऊन बसली. मावशी तांदूळ निवडत होती. वेणूनं सुपातले चार खडे वेचले, मग म्हणाली, “मावशे, रेडिओ सोडला तरी ती चाल जात नाय. ऐकत होती तवा ऐकून मोकळी व्हायची. आता झोपेतून उठली तरी तीच. मला साथीला नको घेऊस. मांडवात परत तसंच झालं तर तुझं नाव जाईल.”

मावशीनं सूप खाली ठेवलं. पोरीचा चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मावशीनं विचारलं की ते गाणं कधी लागतं. वेणू म्हणाली, आज लागंल, नाटुकली झाल्यावर.

“चल तर,” मावशी म्हणाली. “बघू दे मला, काय हाय ते.”

त्या संध्याकाळी पडवीत जे झालं ते गावानं बरेच दिवस सांगितलं. चंद्रावती मावशी विहिरीपाशी थांबली नाही. सरळ पुरुषांच्या पुढे जाऊन पेटीसमोर बसली आणि वेणूला शेजारी बसवलं. बळीरामनं जागा दिली, कारण त्याचं लग्नही तिनंच गायलं होतं. नाटुकली सुरू झाली. शेवंतीनं त्या दिवशी पाटलांचा नवा फेटा फाडून झालर केली होती. माणसं हसली, माना वळल्या. वेणू खाली बघत बसली. मावशी एकदाही हसली नाही. लहान मूल काय सांगतंय ते समजून घ्यावं तशी ती तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती.

मग ते गाणं लागलं. वाजंत्री भारी होती, गाणारीचा आवाज मधासारखा. दुसऱ्या कडव्याशी ते वळण आलं आणि मावशीनं मान वर केली. पुन्हा आलं तेव्हा ती हळूच त्याच्याखालून गुणगुणायला लागली, पण शब्द रेडिओतले नव्हते. गाणं संपलं, बातम्या लागल्या, तरी मावशी म्हणतच होती. मास्तरांनी पेटीचं बटण फिरवून आवाज बारीक केला. जात्याला पाणी शिंपायचं, पहिली मूठ घालायची, असं काही त्या गाण्यात होतं. शेवटची ओळ वेणूनं न सांगता उचलली आणि धरली.

“ही माझ्या सासूची चाल,” मावशी म्हणाली. “ती गेली तवापासून मी तशी वळवून म्हटली नाय. माझा गळा त्या वळणाला पुरा पडायचा नाय, म्हणून सरळ म्हणत आली. ही चाल म्हंजे आमची लेक, मोठ्या घरी नांदाया गेली, भारी लुगडं नेसून दारात आली, नि आमी तिला वळखलीच नाय.”

बळीराम फार वेळ गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणाला, चालीचं राहू दे, पण पोरींचे रंग काय चाललेत ते आता तुमीच ऐकलं. रेडिओ काय उगाच सांगंल?

मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठली. “बळीराम, पाऊस येणार म्हणून रेडिओ सांगतो, तवा तू बाहेर येऊन आभाळाकडं बघतोस ना? मग पोरीचं सांगतो, तवा एकदा पोरीकडंही बघ. शेवंती लिहिणाऱ्याच्या घरात पोर नसंल. तुझ्या शेजारी तर बसली हाय.”

बळीरामनं पाहिलं की नाही ते अंधारात कुणाला दिसलं नाही. तो चपला पायात घालून निघून गेला. पुढचे कितीतरी दिवस बळीरामकडून काही कळलं नाही. गावात मात्र उरणची धवळारीण येणार, अशी बोलवा उठली होती.

लग्न तोंडावर आलं तेव्हा बळीरामची बायको गोदूकाकी मावशीच्या दारात आली. धवळारणीला सुपारी देऊन मांडवाचं बोलावणं करायची आमची रीत आहे, दोघींना दोन. नारळ, कुंकू आणि सुपारी तिनं मावशीच्या ओटीत घातली. वेणू आत पाणी आणायला गेली होती. मावशीनं सुपारीकडे बघितलं आणि विचारलं, “दुसरी?”

गोदूकाकी थोडी हसली. पदराच्या गाठीतून तिनं दुसरी सुपारी सोडली. घरधन्यानंच दिली होती, पण सांगितलं होतं की मावशीनं मागितली तरच काढ. मावशीनं ती आपल्या हातात घेतली नाही. पाणी घेऊन आलेल्या वेणूकडे बोट केलं. वेणूनं तांब्या खाली ठेवला, हात पदराला पुसले, तरी पुढे केले नाहीत.

“मावशे, चुकली तर?”

“चुकली तर पुढं म्हणायचं. थांबायचं नाय.”

तेव्हा वेणूनं हात पुढे केला.

बळीरामचं घर मिठागरांच्या पलीकडच्या पाड्यावर. मावशी आदल्या दिवशीच तिथं मुक्कामाला गेली होती. हळदीच्या सकाळी वेणूनं भाकऱ्या थापल्या, बापाची फडक्यात बांधून ठेवली, आईचं हिरवं लुगडं नेसली आणि निघाली. पाड्याची वाट मिठागरांच्या बांधावरून जाते. बांध अरुंद आहे, दोन्ही बाजूंना पाणी आणि मीठ, मध्ये एका माणसापुरती माती. ऊन अजून तापलं नव्हतं. ती सावकाश चालत होती, आणि वारा तिच्याकडून खाली मीठ ओढणाऱ्यांकडे होता म्हणून ती काहीतरी म्हणत चालली आहे एवढं त्यांना कळत होतं.

तुळशीराम खालच्या कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, घोटाभर पाण्यात मीठ ओढत होता. ती त्याच्या डोक्यावरच्या बांधावरून गेली. तिनं हाक मारली नाही, त्यानंही नाही. ती पुढे गेल्यावर त्यानं फावडं मातीत उभं केलं, त्याच्यावर दोन्ही हात ठेवले, आणि शेजारच्या कोंडीतल्या माणसाला, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाला, “माझी पोर हाय.” मग हिरवं लुगडं पाड्याच्या चिंचांआड जाईपर्यंत तो तसाच बघत उभा राहिला.