न लिहिलेली चाल

मालवणला फौजदार असताना केलेला एक तपास मला अजून विसरता आलेला नाही. चोरी तशी साधीच होती. आचऱ्याचा एक तरुण मुंबईतल्या हॉटेलात जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवीत असे. त्याच्या एका चालीची तबकडी नुकतीच निघाली होती. ती चाल जत्रेत वाजवायला तो गावी आला आणि आदल्याच दिवशी घरातून ट्रम्पेट नाहीसा झाला.

गुन्हा नोंदवला. खाडीवरच्या होडीवाल्याने खबर दिली की, लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले मास्तर काहीतरी गुंडाळलेलं काखेत धरून पलीकडे गेले. पंचांसमक्ष त्यांच्या घराची झडती घेतली. ट्रम्पेट माळ्यावर पेंढ्यात सापडला, धुतलेल्या धोतरात नीट गुंडाळलेला. विकायचा माल कोणी इतका जपून ठेवत नाही.

ठाण्यात मास्तरांनी मान वर केली नाही.

"मीच घेतलंय," ते म्हणाले. "चाल माझी, आणि तबकडीर नाव तेचां. गावासमोर ती वाजताना माका आयकूक नको होती."

"सगळी चाल तुमची?"

"नाय. सुरवात माझी. मधी तो जां फिरवून वाजयता, तां तेचां. तां माका जमाचां नाय."

मुद्देमाल ओळखायला तरुणाला बोलावलं. आरोपीचं नाव ऐकताच त्याने हातातला ट्रम्पेट परत टेबलावर ठेवला.

"साहेब, फिर्याद मागे घेतो. त्यांच्याच पडवीत शिकलो मी. तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या माणसाने विचारलं, चाल कोणाची? मी म्हटलं, माझी. तोंडातून निघून गेलं."

ट्रम्पेटच्या चोरीला कलम होतं. चालीचं काय, म्हणून मी सरकारी वकिलांना विचारलं. स्वामित्वहक्काचा नवा कायदा आला होता, पण कागदावर न उतरलेल्या चालीला त्यात जागा नव्हती.

कोर्टात तरुणाने सांगितलं, "चाल मास्तरांची." कोर्टाने तडजोडीला परवानगी दिली. बाहेर तो पाया पडायला वाकला, तेव्हा मास्तरांनी पाय मागे घेतले.

"हयसर सांगून काय रे? तंय, त्या कंपनीवाल्याक सांगूक व्हया होतां."

तरुण वाकलेला तसाच राहिला. त्या वर्षी जत्रेत दोघांपैकी कोणीच वाजवलं नाही. तबकडीवरचं नावही बदललं नाही.

कबुली मिळाली की तपास संपला, असं आम्ही पोलीस धरून चालतो. त्यानंतर मात्र कबुलीजबाब लिहून घेताना मनात येई, हा माणूस खरं बोलतो आहे, पण ज्याच्यासमोर बोलायला हवं होतं, तो इथे आहे का?