काचेपलीकडचा पंचा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. या ग्रुपवरचे बाकीच्यांचे गूढ अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय. मी केमिस्ट आहे, नागोयाजवळच्या एका लॅबमध्ये काचेवरची कोटिंग्ज तपासते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे...

मला विमानाची भीती वाटते. जरा धाकधूक वगैरे नाही — दार बंद झालं की छाती आवळते, हात बधिर होतात. पाच वर्षांत दोनदा सांगलीला जायला निघाले आणि दोन्ही वेळा नागोयाच्या विमानतळावरूनच परत आले. दुसऱ्या वेळी तर आत बसल्यावर उतरले. माझी बॅग शोधून काढेपर्यंत अख्खं विमान खोळंबलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी बाबा दर फोनवर "कधी येतेस?" विचारायचे, त्यानंतर विचारेनासे झाले. ते मला फार लागलं. गेल्या जानेवारीत त्यांची पंच्याहत्तरी होती. या खेपेला माघार घेतली तर पुन्हा कधीच जमणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी दोनचं विमान. नवऱ्याने, निखिलने, दहालाच विमानतळावर आणून सोडलं. तिथे चौथ्या मजल्यावर ओन्सेन आहे, म्हणजे गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह.

"जा, तासभर डुंबून ये," तो म्हणाला. "इथे बसून नखं खाण्यापेक्षा बरं."

बायकांच्या भागात एक जपानी आजी सोडल्या तर कोणी नव्हतं. भिंतभर काच आणि पलीकडे विमानं. मी बाबांनी पार्सलमधून पाठवलेला लाल काठाचा पंचा अंगाला गुंडाळून सरळ पाण्यात उतरायला निघाले. आपली सवय!

"अहं, कापड पाण्यात नाही," आजी म्हणाल्या. त्यांनी पंचा काढून घेतला, घडी घातली आणि माझ्या डोक्यावर ठेवला. अंगावर चिंधी नाही आणि डोक्यावर पंचा... आईने पाहिलं असतं तर!

"कुठे निघालीस?"

"घरी. पण मला भीती वाटते." का कोण जाणे, मी खरं ते सांगून टाकलं.

त्या हसल्या नाहीत. धावपट्टीवरच्या विमानाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चाकं सुटेपर्यंत श्वास सोडत राहायचं. घ्यायची घाई नाही करायची."

अशी आम्ही चार विमानं मार्गी लावली. त्या मधूनमधून पंच्यावरून हात फिरवत होत्या. किती मऊ आहे, म्हणाल्या. "ठेवा तुम्हाला," मी म्हटलं.

"मग तुझं विमान निघालं की इथून हलवीन. बघायचं हं!"

मी चमकले. आमचे बाबा निरोप द्यायला कधी हात हलवत नाहीत, गॅलरीतून पंचा हलवतात, रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. शिवाय दिसणार कसं? स्नानगृहाची काच ती! तिच्यावर फिल्म असते, दिवसा बाहेरून नुसता आरसा. पण वयाचा मान ठेवून हो म्हटलं.

विमानाचं दार बंद झालं आणि व्हायचं तेच झालं. विमान टर्मिनलसमोरून हळूहळू सरकत होतं. मी बेल्ट सोडला, बेल दाबायला हात वर केला... आणि चौथ्या मजल्याकडे नजर गेली.

काचांवर लख्ख ऊन. सगळ्या काचांत आकाश. एकीत मात्र आजी. ओले केस, उघडे खांदे, आणि हातात हलणारा पंचा. एवढ्या लांबून माणूस मुंगीएवढा दिसावा, तिथे मला लाल काठ दिसला!

मी श्वास सोडला. बेल्ट लावला. सोडतच राहिले... आणि चाकं सुटली! शेजारच्या जपानी काकांना मी चक्क मराठीत म्हणाले, "सुटलं बघा!" त्यांनी बिचाऱ्यांनी अदबीने मान लववली.

सांगलीला बाबांनी दार उघडलं. "आलीस?" एवढंच म्हणाले आणि चौकट धरून उभे राहिले. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलं मी त्यांना. जिंकले होते मी! परतीच्या विमानात तर खुशाल झोपले.

नागोयात उतरल्यावर स्नानगृहाच्या काउंटरवर विचारलं. तिथल्या मुलीला तक्रारच वाटली. "बाहेरून काहीही दिसत नाही, खात्री बाळगा," असं तीनदा म्हणाली. निखिलने विमानं बघायच्या उघड्या डेकवर जाऊन त्या काचांवर कॅमेऱ्याचा झूम लावून पाहिला (कोणी पकडलं नाही, नशीब). नुसते ढग. तो म्हणतो, आजी डेकवर आल्या असतील. जानेवारीत, समुद्रावरच्या वाऱ्यात, उघड्या खांद्यांनी?

कोटिंग्ज हा माझा रोजचा धंदा आहे. तरी याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा. नसलं तरी माझं काही अडलेलं नाही.

परवा फोन ठेवता ठेवता बाबांनी विचारलं, "कधी येतेस?"

मी तारीख सांगितली.