हात खाली घेणाऱ्या बाई

बोरीवलीच्या शूटिंग रेंजवर माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई सरावाला यायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. पिस्तूल उचलून त्या शांतपणे नेम धरायच्या आणि पुष्कळदा गोळी न झाडताच हात खाली घ्यायच्या. माझी स्पर्धा तोंडावर आली होती आणि स्कोअर काही केल्या वाढत नव्हता. शेवटी मी विचारलं, "मावशी, धरलेला नेम असा सोडून का देता?"

"हात हलायला लागला ना, की थांबायचं गं. तू चिडून मारतेस, म्हणून वाट लागते."

स्पर्धेत शेवटच्या गोळीला माझा हात थरथरला. वेळ संपत आली होती, तरी मी हात खाली घेतला, श्वास घेतला आणि मगच गोळी झाडली. नंबर थोडक्यात हुकला. पण थांबणं म्हणजे हरणं नव्हे, असं मला त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.